बिननंबरचं घर

मंदाबाई शिवणकर मूळची नवेगाव बांधाकडची. तिचा नवरा बकाराम गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाल होता. दिवसभर धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, वाहायचे आणि कोंड्याच्या धुळीत श्वास घ्यायचा, असं त्याचं काम. भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला त्या साली, म्हणजे नव्याण्णवला, ही दोघं आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची पोर रिंकी कुडव्याच्या पुढे रस्त्याकडेला राहायला आली. ज्या गावच्या हद्दीत हे सगळं घडलं त्याचं नाव मी लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि त्यातली माणसं अजून एकमेकांच्या लग्नाला जातात.

जागा चुन्नीलालजी कटऱ्यांची. मोठे शेतकरी, आमच्याच पोवार समाजातले, लांबून माझ्या नात्यातले. त्यांना शेतावर कोणीतरी हवं होतं. ते बकारामला म्हणाले, "येथं घर बांध, धानावर नजर ठेव, विहिरीची मोटर सांभाळ. तुले कोनी हालवनार नाही." कागद झाला नाही. कागद मागायची बकारामची हिंमत नव्हती आणि द्यायचं चुन्नीलालजींच्या मनात आलं नाही.

मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे रस्त्याच्या बाजूला छपरी आणि मागे परसातली सांदवाडी. एवढंच ते घर होतं. बाजूला विहीर होती.

चुन्नीलालजी वारल्यावर त्यांचा मुलगा धनेंद्र याने शेताचा ले-आऊट पाडला. दोन हजार चारला मी त्यात प्लॉट घेतला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, पटले गुरुजी. माझं घर बांधलं गेलं ते मंदाबाईच्या विहिरीच्या पाण्यावर. नळ यायला दोन वर्षं लागली. तोवर ले-आऊटमधली अकरा घरं त्याच पाण्यावर उभी राहिली आणि त्याच पाण्यावर जगली. मोटर चालू करायला ती पहाटे उठायची. आमच्या बायका पाण्याचे गुंड घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि मंदाबाई त्यांना ओरडायची, "वो मॅडम, एका वेळी एकच गुंड! तुमच्या घरी का हत्ती आंघोळ करते का?"

तोंडाची ती अशीच होती. माझ्या बायकोला एकदा न्हाणीत साप दिसला तेव्हा सगळा ले-आऊट गोळा झाला आणि काठ्या घेऊन दारातच उभा राहिला. मंदाबाई आली, चिमट्याने साप धरला, पोत्यात घातला आणि बांधावर सोडून आली. जाताना मला म्हणाली, "गुरुजी, तुमी पोरायले शिकवता तरी काय?"

छपरीत तिने नाश्त्याचं दुकान टाकलं. सकाळी पोहे आणि चण्याची तर्री, दुपारनंतर आलूबोंडे आणि चहा. मिलवर जाणारे मजूर, कॉलेजची पोरं, मोटारसायकलवरून गोंदियाला कामाला जाणारे, सगळे तिथे थांबायचे. बकारामची छाती तोवर गेली होती. डॉक्टरांनी दमा म्हटलं, मिलने घरी बसवलं. तो छपरीच्या खांबाला टेकून कांदे चिरत बसायचा. बोलायचा कमी. गिऱ्हाइकाशी बायकोचं भांडण लागलं की हसायचा, आणि हसता हसता त्याला खोकला लागायचा.

आमच्या गावात साक्षरता वर्ग मी चालवत असे. मंदाबाई त्यात सही करायला शिकली. मग तिने मला पकडलं. "गुरुजी, आता अर्ज लिहा. माह्या घराले नंबर पायजे." ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात घराची नोंद झाली की दारावर नंबर लागतो, टॅक्स भरता येतो, मीटर मागता येतं. मी अर्ज लिहिला. ग्रामसेवक म्हणाला, जागेचा कागद आणा. धनेंद्रने कागद दिला नाही, नाही असंही म्हटलं नाही. "पाहू नं मावशी, दिवाळी होऊ द्या," असं तो दर वर्षी म्हणायचा. मी तिचे दोन अर्ज लिहिले. दोन्ही माझ्या अक्षरात ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहिले.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात टॉवरची माणसं आली. मोबाईल सगळ्यांकडे आले होते, पण आमच्या भागात गच्चीवर गेल्याशिवाय आवाज नीट येत नव्हता. कंपनीला जागा हवी होती आणि धनेंद्रकडे जागा होती. त्याने पहिल्यांदा बगिच्यासाठी सोडलेला तुकडा दाखवला. तो माझ्या घराच्या बरोबर समोर होता.

आम्ही भडकलो. ले-आऊटची समिती बसली. टॉवरच्या किरणांनी काय काय होतं ते प्रत्येकाने कुठेतरी वाचलं होतं. खरं सांगायचं तर किरणांपेक्षा ते लोखंड समोर नको होतं. खिडकी उघडली की जनरेटर आणि पत्र्याची खोली दिसावी म्हणून कोणी कर्ज काढून घर बांधत नाही. मी पेपरात वाचलं होतं की मोठ्या शहरांत टॉवर कुठे उभारायचा, घरांपासून किती लांब, तो कसा झाकायचा, याचे नियम असतात. मी म्हटलं, आपल्याही ग्रामपंचायतीने ठराव करावा. सगळे म्हणाले, गुरुजी, तुम्हीच लिहा.

मी लिहिलं. शाळेपासून शंभर मीटर. कोणत्याही घरापासून पन्नास मीटर. टॉवरचा खालचा भाग, खोली आणि जनरेटर रस्त्यावरून दिसता कामा नये, त्यासाठी दहा फुटी पत्र्याचा आडोसा, त्याला हिरवा रंग आणि बाहेरून झाडं.

ग्रामसभेच्या चार दिवस आधी धनेंद्र माझ्याकडे आला. चहा घेतला, मसुदा वाचला, मान हलवली. "गुरुजी, एकदम मस्त लिहिलं. बगिच्यातला टावर कॅन्सल समजा. फक्त हे 'कोणतेही घर' नका लिहू. उद्या कोनी शेतात झोपडी टाकन अन् म्हनन हे घर आहे. 'नोंद असलेलं घर' लिहा. कायद्यात असंच राहते."

मी 'नोंद असलेलं' हे शब्द वरच्या बाजूला बारीक अक्षरात घातले. नंतर कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्या वेळी मंदाबाईचं घर माझ्या लक्षात आलं नाही. आलं होतं. पेन कागदावर असतानाच आलं होतं. पण बगिचा वाचत होता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. मी ठराव वाचला. सगळ्यांत मोठा आवाज मंदाबाईचा. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "टावर घराजवर नाही पायजे म्हनजे नाही पायजे! माह्या मानसाले दमा हाय. त्या जनरेटरचा धूर कोन खाईन? गुरुजीनं बराबर लिवलं हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने हात वर केला, इतका वर की पदर खांद्यावरून घसरला. मग रजिस्टरात तिने मोठ्या अक्षरात सही केली आणि माझ्याकडे पाहून हसली.

दसऱ्यानंतर मोजणी झाली. धनेंद्रने नवी जागा दाखवली होती, मंदाबाईच्या सांदवाडीच्या मागे. धान ओंबीवर आलं होतं. ग्रामसेवक, कंपनीचा इंजिनियर, धनेंद्र आणि समितीतर्फे मी, असे आम्ही गेलो. टॉवरच्या खुंटीपासून सगळ्यांत जवळचं नंबरचं घर माझंच होतं. मध्ये मंदाबाईचं घर होतं.

टेप शंभर मीटरचा. इंजिनियरने सरळ रेष धरली. टेप सांदवाडीतून आला, मागच्या दारातून आत शिरला, चुलीजवळून गेला, पुढच्या दारातून छपरीत आला. मंदाबाई भजे तळत होती. टेपला अडू नये म्हणून तिने स्वतःच कढई बाजूला घेतली.

"आंटी, जरा इधर पकडना," इंजिनियर म्हणाला. तीसचा आकडा छपरीच्या जमिनीवर आला होता. तिने वाकून त्यावर अंगठा दाबून धरला. तिथून पुढे टेप माझ्या फाटकापर्यंत गेला.

"कायचं मोजून राहिले, साहेब?"

"टावर का."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. "टावर कुठं?"

धनेंद्रने मागे बोट दाखवलं. ती तशीच अंगठा दाबून बसली होती. "माह्या सांदवाडीपासून तर नऊ पावलं बी नाही. पन्नास मीटर म्हटलं होतं नं? गुरुजी, माहं घर मोजलं का?"

मी ग्रामसेवकाकडे पाहिलं. तो फाईल चाळत म्हणाला, "बाई, तुमचं घर रजिस्टरात नाही. ठरावात नोंद असलेलं घर लिहिलं आहे."

"मंग मी हे कुठं बसली हाय?"

ग्रामसेवकाने फाईल मिटली. तिकडून इंजिनियरने ओरडून सांगितलं, "बावन! बैठ गया!" आणि मंदाबाईला म्हणाला, "छोड दो आंटी." तिने अंगठा उचलला. टेप सरसर करत तिच्या घरातून मागे गेला.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली. भांडायला आली असेल असं वाटून मी शब्द जुळवून ठेवले होते. ती म्हणाली, "गुरुजी, ते दोन शब्द खोडता नाही येत का?" मी म्हणालो, ठराव मंजूर झाला, आता खोडता येत नाही. ती "बरं" म्हणून गेली.

डिसेंबरपर्यंत टॉवर उभा राहिला. मग आडोसा आला. पत्रा धनेंद्रच्या तुकड्याच्या हद्दीवरून लावायचा होता आणि मंदाबाईचं घर, विहीर, छपरी, सगळं त्याच तुकड्यात होतं. त्यामुळे रस्त्याच्या बाजूने दहा फुटी हिरवा पत्रा तिच्या छपरीच्या दोन हात पुढून गेला. छपरीपुढे तरी मोकळं ठेवा म्हणून ती सगळ्यांच्या हातापाया पडली. धनेंद्र लोकांसमोर म्हणाला, "मावशी, रस्त्यावरून काही दिसलं नाही पायजे, असा नियमच आहे. तुमीच तर सगळ्यायच्या आधी हात वर केला होता."

लोक हसले. मीही त्या लोकांत उभा होतो. हसलो नाही, एवढंच.

येण्याजाण्यासाठी पत्र्याला एक फाटक होतं. त्याची किल्ली चौकीदार भोजराजकडे. दुकान महिनाभर चाललं ते टॉवरच्या मजुरांवर. ते गेले आणि गिऱ्हाईक संपलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत घर आहे हेच कळत नव्हतं. मंदाबाईने पत्र्यावर खडूने लिहिलं, 'आत नाशता मिळते'. अक्षरं तिची स्वतःची होती. समितीने ते पुसायला लावलं. रंग खराब होतो, असं कारण दिलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा तिने लिहिलं नाही. मग पत्र्याबाहेर लावलेल्या झाडांना पाणी घालायचं काम समितीने तिलाच दिलं आणि आम्हाला वाटलं की आपण तिची सोय केली. ती विहिरीतून बादल्या काढून फाटकातून बाहेर आणायची. झाडं छान वाढली. वर्षभरात पत्राही दिसेनासा झाला.

रिंकीचं लग्न तिने कसंबसं देवरीला करून दिलं. मांडव पत्र्याच्या आत पडला. जनरेटर चालू असल्यामुळे मंगलाष्टकं कोणाला ऐकू आली नाहीत. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता घरी आलो.

दोन हजार दहाचा मे महिना. आमच्याकडचं मेचं ऊन ज्याने पाहिलं आहे त्याला दुपारी बारानंतर गाव कसं मरून पडतं ते ठाऊक असेल. लोडशेडिंग होतं, त्यामुळे जनरेटर सकाळपासून सुरू होता. भोजराज फाटकाला कुलूप लावून कोणाच्या तरी लग्नाला गेला होता. मंदाबाई आत आहे हे त्याला माहीत होतं. "ते कुठं जाते दुपारची," असं त्याने नंतर सांगितलं.

एकच्या सुमारास बकारामला धाप लागली. धूर आणि तापलेला पत्रा, आत भट्टी झाली होती. तिने त्याला छपरीत आणलं, पाणी मारलं, वारा घातला. फाटकाकडे गेली तर कुलूप. मग तिने भजे काढायचा झारा घेतला आणि पत्र्यावर मारायला लागली.

मी ऐकलं. मी खाटेवर पडलो होतो. ठण ठण ठण असा आवाज येत होता. बायको म्हणाली, "काय आहे हो ते?" मी म्हणालो, "टॉवरचं काही काम चालू असेल." आणि कूस बदलली. शेजारच्यांनीही ऐकलं होतं, नंतर सगळ्यांनी कबूल केलं. दहा मिनिटं तरी तो आवाज येत होता. मग थांबला. थांबला तेव्हा मला बरं वाटलं.

पत्र्याच्या मागच्या बाजूला, शेताकडे, काटेरी तार होती. ती तारेतून निघाली, कापलेल्या धानाच्या खुंटांवरून अनवाणी धावत, अर्धा वळसा घालून माझ्या दारात आली. लुगडं फाटलं होतं, दंडातून रक्त येत होतं. "गुरुजी, कुलूप हाय," एवढंच ती म्हणाली.

आम्ही धावलो. कुलूप तुटेना. मग पान्याने पत्र्याचे नट काढले, एक अख्खा पत्रा खाली घेतला. बकाराम छपरीच्या खांबाला टेकून बसला होता, कांदे चिरताना बसायचा तसा. गेला होता. तोंड उघडं होतं. जनरेटर चालूच होता आणि तो बंद कसा करायचा हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे मंदाबाई रडली की नाही, ते मला सांगता येणार नाही. तिचं तोंड हलताना दिसत होतं.

त्याच मोकळ्या जागेतून त्याला बाहेर काढला. तेराव्यापर्यंत सगळे चांगले वागले. कोणी तांदूळ दिले, कोणी चटई. भोजराजला कंपनीने दुसऱ्या टॉवरवर पाठवलं.

काढलेला पत्रा तसाच राहिला. त्या जागेतून उजेड आत यायला लागला आणि पावसाळ्यात मंदाबाईने पुन्हा चूल पेटवली. दोन-चार जुने गिऱ्हाईक यायला लागले. जुलैत समितीची बैठक झाली. एकाने विषय काढला, रस्त्यावरून जनरेटर सरळ दिसतो, पाहुणे आले की विचारतात, प्लॉट विकायला काढला तर भाव पडतो. ठराव असून पाळला जात नाही. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "थोडं थांबू या. दोन महिने नाही झाले."

"गुरुजी, तिच्याविरुद्ध थोडीच आहे? नियमासाठी आहे."

मी लिहिला. माझ्या सहीखाली चौदा सह्या झाल्या. आठ दिवसांनी ग्रामपंचायतीची नोटीस निघाली, ती कंपनीला नव्हती, मंदाबाईला होती. 'अतिक्रमणधारक श्रीमती मंदाबाई बकाराम शिवणकर यांनी संरक्षक आडोशाची मोडतोड केल्याबाबत.' इतकी वर्षं अर्ज करून तिचं नाव पंचायतीच्या कागदावर आलं नव्हतं. आता आलं. शिपाई नोटीस द्यायला आला तेव्हा तिने ती सही करून घेतली आणि मोठ्याने वाचली, एकेक अक्षर जोडत. मोडतोड हा शब्द तिने दोनदा वाचला.

पत्रा परत बसला. या वेळी नट पुन्हा काढता येऊ नयेत म्हणून वेल्डिंग केलं.

पुढच्या पावसाळ्याआधी रिंकी येऊन आईला देवरीला घेऊन गेली. सामानाने एक टेम्पोही भरला नाही. महिनाभरात धनेंद्रने घर पाडलं, विहिरीवर सिमेंटची झाकणं टाकली. ग्रामपंचायतीत त्याची काही नोंद झाली नाही, कारण रजिस्टराप्रमाणे तिथे घर नव्हतंच. टॉवरवर आता दोन कंपन्यांची यंत्रं आहेत. आमच्याकडे रेंज चांगली येते.

दोन हजार चौदाला निवडणुकीच्या कामावर मला देवरीला जावं लागलं. रिंकीचा पत्ता मी शोधून काढला. मंदाबाई एका वसतिगृहात पोरांचा स्वयंपाक करत होती. मी गेलो तेव्हा ती अंगणात मोठ्या परातीत तांदूळ निवडत होती. वाळली होती, केस पांढरे झाले होते. मला ओळखलं. बसायला पाट दिला, पाणी दिलं.

मी सगळं सांगायचं म्हणून गेलो होतो. ते दोन शब्द, धनेंद्रचा चहा, तो झाऱ्याचा आवाज. मी सांगितलं. ती तांदूळ निवडतच होती. झाऱ्याच्या आवाजाचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"तुमी जागे होते?"

"हो."

तिने परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मले वाटलं होतं कोनालेच आयकू नाही आलं," ती म्हणाली. "चार वर्षं मी तेच समजून राहिली. जनरेटरचा आवाज होता, कोनालेच आयकू नाही आलं असन. तेवढं बरं वाटे."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "कायले सांगाले आले, गुरुजी? तुमाले हलकं वाटावं म्हनून?" आवाज चढला नव्हता. आतून कोणीतरी पोरगी "आजी, डाळ उतू जाते" म्हणून ओरडली. मंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आता जा," ती म्हणाली. "अन् पुन्हा येऊ नका."

मी बस स्टँडवर आलो. गोंदियाची गाडी लागलेलीच होती. तिकीट काढलं आणि खिडकीशी बसलो. घरी बायकोने विचारलं, भेटली का मंदाबाई? मी म्हणालो, नाही, पत्ता सापडला नाही.